मातीबरोबर वाहून गेलेल्या कर्बाचा हिशेब: एका उतारावर तो टप्प्याटप्प्याने कसा मांडायचा

पावसाने माती वाहून गेली की तिच्यातला सेंद्रिय कर्बही जातो. त्याचे गणित बहुतेक जण एकाच साच्यात करतात. किती टन माती गेली, तिच्यात कर्ब किती टक्के, यांचा गुणाकार करायचा, आलेल्या आकड्याला ३.६७ ने गुणायचे (एक किलो कर्बापासून ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड होतो) आणि 'एवढा कार्बन डायऑक्साइड हवेत गेला' असे लिहून मोकळे व्हायचे. इथे कर्ब जागचा हलणे आणि कर्ब हवेत जाणे या दोन गोष्टी एकच धरल्या जातात. प्रत्यक्षात हललेल्या कर्बातला बराचसा पायथ्याशी गाळात अडकतो, काही ओढ्याला लागतो, काही वाटेत कुजून खरोखर हवेत जातो. शिवाय जिथून माती गेली, तिथे उगवणाऱ्या वनस्पती मुळांवाटे नवा कर्ब घालत राहतात. हे चारही प्रवाह वेगळे मांडले नाहीत, तर हिशेबाची बाजूच उलटू शकते.

जागतिक पातळीवर तेच झाले आहे. मृदाशास्त्रज्ञ रतन लाल यांनी २००३ मध्ये वाहून गेलेल्या कर्बाचा सुमारे पाचवा भाग कुजतो असे धरले आणि पाण्याच्या धुपेमुळे, म्हणजे पाण्याने माती वाहून गेल्यामुळे, वर्षाला सुमारे १०० कोटी टन कर्ब हवेत जातो असा अंदाज दिला. व्हान ऊस्ट आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये नव्याने भरून येणारा कर्बही हिशेबात घेतला, तेव्हा शेतजमिनीवरची धूप वर्षाला सुमारे १२ कोटी टन कर्ब उलट शोषून घेते असे उत्तर आले. हिशेबाची चौकट आणि गृहीतके बदलली की चिन्ह बदलते. म्हणून सुरुवात चौकटीपासून.

## टप्पा १: मोजणीआधी चौकट आखा

कागदावर तीन गोष्टी लिहा: हिशेबाची हद्द, काळ आणि प्रश्न.

हद्द अशी निवडा की तिच्यातून पाणी एकाच जागेने बाहेर पडेल. माथ्यापासून पायथ्यापर्यंतचा एक अखंड उतार सर्वांत सोयीचा. फक्त मधला, खरवडला जाणारा भाग घेतला, तर गेलेला सगळा कर्ब 'नुकसान' दिसतो. फक्त पायथा घेतला, तर सगळा 'फायदा'. दोन्ही आकडे खरे असून दोन्ही निष्कर्ष चुकतात.

काळ ठरवताना एका पावसाळ्याचा हिशेब आणि काही दशकांचा हिशेब एकत्र करू नका. पहिल्यासाठी गाळ पकडावा लागतो, दुसऱ्यासाठी जमिनीतला साठा मोजावा लागतो. दोन्ही करायचे असतील तर दोन स्वतंत्र तक्ते ठेवा.

शेवटी एक संदर्भ जागा शोधा: माथ्यावरचा किंवा जवळचा असा सपाट तुकडा, जिथून माती गेली नाही आणि जिथे आली नाही. मातीचा प्रकार आणि वापर उतारासारखाच हवा. शेतातल्या उतारासाठी संदर्भ म्हणून झाडीतला तुकडा घेतला, तर नांगरटीने झालेली घटही धुपेच्या नावावर पडते. ही चूक फार होते आणि नंतर दुरुस्त करता येत नाही.

तपासा: पाणी कुठून आत येते आणि कुठून बाहेर जाते, हे पाऊस पडत असताना स्वतः पाहिले आहे का? नकाशावरची रेघ आणि पाण्याची वाट नेहमी जुळतेच असे नाही.

## टप्पा २: उताराचे भाग पाडा

उतार एकसंध धरू नका. त्याचे निदान पाच भाग पाडा: माथा, माथ्याखालचा फुगीर खांदा, मधला सरळ उतार, पायथ्याचा खोलगट भाग आणि गाळ साचतो ती सपाट जागा. माथ्यापासून खाली निदान तीन रेषा आखा आणि प्रत्येक रेषेवर या पाचही ठिकाणी खुणा करा.

खांद्याबाबत एक सूचना. फुगीर भागातली माती पाण्यापेक्षा नांगराच्या फाळाने अधिक खाली सरकत असते. तिथे कर्ब कमी सापडला म्हणून तो पाण्यानेच नेला असे लिहू नका. पाण्याची धूप लांब, तीव्र उतारावर आणि पाणी एकवटते त्या खोलगट रेषेत जास्त दिसते. जमीन नांगरली जात असेल, तर खांद्याची नोंद वेगळी ठेवा.

## टप्पा ३: पाऊस सुरू होण्याआधी मातीचे नमुने

हा टप्पा पावसाआधीच झाला पाहिजे. पावसानंतर घेतलेल्या नमुन्यात नुकताच आलेला गाळ मिसळलेला असतो आणि 'मूळ माती' म्हणून तो निरुपयोगी ठरतो.

प्रत्येक खुणेवर ०–५, ५–१५, १५–३०, ३०–६० आणि ६०–१०० सेंमी अशा थरांतून नमुने घ्या. एकाच रेषेवरच्या वरच्या आणि खालच्या जागांचे नमुने कधीही एकत्र कालवू नका. ज्या फरकासाठी मोजणी चालली आहे, तोच त्यात विरून जातो.

गाळ साचतो त्या जागी १०० सेंमीवर थांबू नका. ऑगरने, म्हणजे माती काढायच्या गिरमिटाने, खाली जात राहा आणि बाहेर येणारी माती क्रमाने एका पट्टीवर मांडत चला. वरचा गाळ बहुधा फिकट, पातळ थरांचा, मधे बारीक वाळूच्या रेघा असलेला असतो. मग एकाएकी रंग गडद होतो, माती रवाळ होते, जुनी कुजलेली मुळे, कधी कोळशाचे कण दिसतात. तो गाडला गेलेला जुना पृष्ठभाग. तिथपर्यंतची खोली म्हणजे साचलेल्या गाळाची जाडी. त्या गडद थराचा नमुना वेगळा घ्या. अर्ध्यावर थांबल्यामुळे हा थर हिशेबातून सुटतो आणि सर्वांत मोठा साठाच गहाळ होतो.

त्याच वेळी प्रत्येक थराची घनताही मोजा. ठरावीक आकारमानाचा धातूचा दंडगोल आतली माती न दाबता जमिनीत बसवा, कडा साफ कापा, आतली माती १०५ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवा आणि आकारमानाने भागा. घनता पुस्तकातून उचलू नका. ताज्या गाळाची आणि उघड्या पडलेल्या खालच्या मातीची घनता एकाच उतारावर बरीच वेगळी असते.

सावधान: १०५ अंशाला वाळवलेला नमुना फक्त घनतेसाठी. कर्बाच्या तपासणीचा नमुना सावलीत किंवा ४० अंशापर्यंतच वाळवा.

## टप्पा ४: पावसाळ्यात गाळ पकडा

मधल्या उताराच्या खालच्या टोकाला एक आणि हद्दीच्या तोंडाशी एक असे दोन सापळे बसवा. पहिला 'किती कर्ब हलला' ते सांगतो, दुसरा 'किती कर्ब हद्द ओलांडून गेला' ते. एकाच सापळ्यावर भागवले की मधे किती अडकला ते कायमचे अंदाजावर राहते.

पाण्याने कर्ब कसा निघतो ते समजले, तर सापळा कुठे चुकतो तेही कळते. थेंबाच्या माराने मातीचे ढेकूळ फुटते. ढेकळाच्या आत सूक्ष्मजीवांपासून सुरक्षित राहिलेला कर्ब उघडा पडतो. पाण्याचा पातळ थर आधी हलके आणि बारीक कण उचलतो, आणि कर्ब नेमका त्यांच्याशीच बांधलेला असतो. त्यामुळे पावसाच्या पहिल्या काही मिनिटांत सापळ्यात येणारे पाणी पाहण्यासारखे असते: वर काडीकचरा आणि पानांचे तुकडे तरंगतात, खाली गढूळ, जवळजवळ तपकिरी पाणी, आणि भरड वाळू अजून आलेलीच नसते. वाळू मागून येते. म्हणून फक्त सुरुवातीचे पाणी घेतले तर कर्ब फुगतो, फक्त तळाचा गाळ घेतला तर तो घटतो.

क्रम असा ठेवा:

१. तरंगणारा, २ मिमीपेक्षा मोठा कचरा जाळीने वेगळा काढून वाळवा आणि वजन करा. हा कर्ब खरा आहे, पण तो मातीचा नाही. त्याचा रकाना वेगळा.

२. सापळ्यातले एकूण पाणी मोजा.

३. तळापासून जोरात ढवळा आणि ढवळत असतानाच नमुना घ्या. ढवळणे थांबवून भांडे बुडवले की वाळू खाली राहते.

४. त्यातला थोडा भाग ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळा. गाळणीतून खाली उतरलेल्या पाण्यात विरघळलेला कर्ब असतो. तो तपासणीपर्यंत ४ अंश सेल्सिअसला ठेवा.

५. प्रत्येक पावसानंतर सापळा रिकामा करा. ओला, उबदार गाळ काही दिवस तसाच राहिला तर सापळ्यातच कुजतो आणि तुम्ही वाटेतली नव्हे, सापळ्यातली घट मोजता.

आता समृद्धी गुणोत्तर काढा, म्हणजे गाळातला कर्ब भागिले मूळ मातीतला कर्ब. इथली नेहमीची चूक म्हणजे मूळ माती म्हणून ०–३० सेंमीची सरासरी वापरणे. सालकाढी धूप, म्हणजे पृष्ठभागाचा पातळ थर एकसारखा निघून जाणे, वरचे काही मिलिमीटरच नेते. तेव्हा तुलना ०–५ सेंमीशीच हवी, नाहीतर गुणोत्तर खोटेच मोठे दिसते. याउलट ओघळी आणि घळी पडल्या असतील तर पाणी सगळी खोली एकदम कापते, निवड करत नाही आणि गुणोत्तर १ च्या आसपास येते. तिथे तुलना ओघळीच्या खोलीइतक्या मातीशी करा.

सावधान: हलक्या पावसात हे गुणोत्तर जास्त आणि मुसळधार पावसात कमी येते. एका पावसाचा आकडा सगळ्या हंगामाला लावू नका. प्रत्येक वेळच्या गाळाच्या वजनानुसार सरासरी काढा.

## टप्पा ५: प्रयोगशाळेत

नमुने २ मिमीच्या चाळणीतून चाळा, दिसतील ती मुळे काढा, चाळणीवर राहिलेल्या खड्यांचे वजन नोंदवा.

मूळ माती आणि गाळ दोन्ही एकाच पद्धतीने तपासा. वॉकली-ब्लॅक पद्धतीत, म्हणजे रसायनाने कर्बाचे ऑक्सिडीकरण करून मोजण्याच्या पद्धतीत, सगळा कर्ब जळत नाही. सरासरी सुमारे ७७ टक्केच पकडला जातो, म्हणून निकालाला १.३ ने गुणतात. प्रयोगशाळेने हा गुणक आधीच लावला आहे का, हे विचारल्याशिवाय अहवाल वापरू नका. अहवालात 'सेंद्रिय पदार्थ' लिहिले असेल तर बहुधा कर्बाला १.७२४ ने गुणलेले असते. उलट भागून घ्या.

जाळून मोजणाऱ्या यंत्रावर तपासणी असेल तर चुनखडीकडे लक्ष द्या. शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटच्या वजनात १२ टक्के कर्ब असतो आणि यंत्र तोही मोजते. धुपेने वरची माती जाऊन खालचा चुनखडीचा थर उघडा पडला, तर यंत्राच्या आकड्यावरून 'धुपेने कर्ब वाढला' असे दिसते. मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. फेस आला तर आधी आम्लाने चुना काढा, मगच यंत्रात घाला. नमुना संदर्भ जागेचा असो की धुपलेल्या भागाचा, ही चाचणी प्रत्येकावर करा.

## टप्पा ६: किती माती गेली ते ठरवा

सापळ्याचा आकडा त्या हंगामापुरता असतो. दीर्घकाळासाठी इतर मार्ग आहेत आणि प्रत्येकाची मर्यादा मोठी आहे.

जमिनीत खिळे ठोकून पृष्ठभाग किती खाली गेला ते पाहणे सोपे वाटते. पण १ मिमी माती म्हणजे हेक्टरी १० घनमीटर, घनता १.३ (ग्रॅम प्रति घनसेंमी) असेल तर १३ टन. वाचनात २ मिमीची चूक म्हणजे २६ टन. ओले-कोरडे होताना फुगणाऱ्या आणि आकसणाऱ्या मातीत तर खिळाच हलतो. जिथे धूप डोळ्यांना दिसते तिथेच ही पद्धत वापरा.

सीझियम-१३७ चा मार्ग दशकांसाठी चांगला. हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य अणुचाचण्यांतून आले, १९६३ च्या सुमारास त्याचा वर्षाव सर्वाधिक होता आणि अर्धायुष्य सुमारे ३० वर्षे आहे. ते बारीक कणांना घट्ट चिकटते, म्हणून संदर्भ जागेपेक्षा कमी असेल तिथून माती गेली, जास्त असेल तिथे साचली. मात्र पाणी आणि नांगर यांनी हलवलेली माती ते वेगळी दाखवत नाही.

विशमायर आणि स्मिथ यांचे धूप-समीकरण (१९७८ ची आवृत्ती) अनेक वर्षांची सरासरी देते, तीही सालकाढी आणि ओघळी धुपेचीच. घळी त्यात येत नाहीत आणि साचलेला गाळ तर मुळीच नाही. त्या समीकरणाचा आकडा थेट 'ओढ्यात गेलेली माती' म्हणून वापरणे ही सर्रास होणारी गल्लत आहे.

## टप्पा ७: साठ्याचा हिशेब खोलीवर नाही, वस्तुमानावर

थराचा कर्बसाठा टन प्रति हेक्टर = कर्ब टक्के × घनता × थराची जाडी सेंमीमध्ये. खडे असतील तर त्यांचा आकारमानातला वाटा वजा करा. १ टक्का कर्ब, १.३ घनता, १५ सेंमी जाडी: १९.५ टन.

धुपलेल्या जागी ठरावीक ३० सेंमी मोजले तर चूक होते, कारण पृष्ठभाग खाली गेलेला असतो आणि आजच्या ३० सेंमीत पूर्वी त्याखाली असलेली माती येते. तिचा कर्बही मोजला जातो आणि घट लपते. उपाय असा: संदर्भ जागेवर ३० सेंमी × १.३ म्हणजे हेक्टरी ३,९०० टन माती. मधल्या उतारावरून २५ मिमी, म्हणजे ३२५ टन माती गेली असेल, तर तिथे ३,५७५ टन मातीपर्यंतचाच साठा मोजा. पायथ्याशी जितके टन साचले तितके मिळवून मोजा. मग सगळीकडे जुनी तीच खालची पातळी धरली जाते.

आता नव्याने भरून आलेला कर्ब काढता येतो: इतक्या वर्षांत वाहून गेलेला एकूण कर्ब, वजा संदर्भ जागा आणि धुपलेली जागा यांच्या साठ्यातला फरक. उरलेला भाग वनस्पतींनी हवेतून घेऊन मातीत घातला. वजाबाकी शून्याजवळ किंवा ऋण आली तर झीज भरून येत नाही, असे समजा. माती इतकी पातळ झाली की वाढच खुंटते, अशा जमिनीवर हेच दिसते. म्हणून 'धूप कर्ब शोषून घेते' हे वाक्य कोणत्याही उतारावर सरसकट लावू नये.

## टप्पा ८: एका वर्षाचा ताळेबंद

पद्धत दाखवण्यासाठी घेतलेले काल्पनिक आकडे:

- उतारावरून हललेली माती २० टन, मूळ मातीत कर्ब ०.८ टक्के, समृद्धी गुणोत्तर १.५. म्हणजे गाळात १.२ टक्के, हललेला कर्ब २४० किलो.
- पायथ्याशी साचलेला गाळ १४ टन, कर्ब १ टक्का: १४० किलो.
- हद्दीबाहेर गेलेला गाळ ६ टन, कर्ब १.६ टक्के: ९६ किलो.
- बेरीज २३६ किलो. फरक ४ किलो.

सुरुवातीच्या साच्यातले गणित इथे २४० × ३.६७, म्हणजे सुमारे ८८० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत गेला असे सांगेल. ताळेबंदात मात्र वाटेत कुजण्याचा पुरावा फक्त ४ किलोचा आहे आणि तो मोजणीच्या चुकीपेक्षाही लहान. त्यामुळे तोही 'उत्सर्जन' म्हणून लिहिता येत नाही. ९६ किलोचे पुढे काय झाले हे हद्दीबाहेरचे. ते 'बाहेर गेला' या रकान्यातच ठेवा, हवेच्या रकान्यात ढकलू नका. विरघळलेला कर्ब मोजला असेल तर त्याचीही वेगळी ओळ हवी.

तपासा: मातीचे वजन जुळते का (१४ + ६ = २०)? मातीच जुळत नसेल तर कर्ब जुळवायच्या फंदात पडू नका. आधी सापळे तपासा.

## टप्पा ९: गाडलेला कर्ब टिकणार का

१४० किलो आज पायथ्याशी आहे, एवढेच आतापर्यंत कळले. ताजा गाळ आणि मूळ माती समान ओलाव्यात, समान तापमानाला बंद बरण्यांत ठेवून, निघणारा कार्बन डायऑक्साइड अल्कलीत शोषून मोजा. गाळातून प्रति ग्रॅम कर्ब जास्त वायू निघाला तर ढेकळे फुटल्याचा परिणाम समजतो. नमुना चाळल्यानेही ढेकळे फुटतात, म्हणून न चाळलेल्या मातीची एक बरणी सोबत हवीच.

जागेवर दोन गोष्टी पाहा. गाळ कायम ओला राहतो का? ऑक्सिजन कमी असला की कुजणे मंदावते, पण तिथेच मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड तयार होऊ शकतात. वजनागणिक नायट्रस ऑक्साइडचा १०० वर्षांतला तापमानवाढीचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट आहे, त्यामुळे थोडासाही पुरतो. दुसरे, गाळाच्या सपाटीत खालून वर सरकत येणारी घळ आहे का? असेल तर गाडलेला थर पुन्हा उघडा पडणार, आणि त्या कर्बाला 'साठवलेला' म्हणणे घाईचे ठरेल.

## टप्पा १०: पुन्हा कधी मोजायचे

जमिनीतला साठा दरवर्षी मोजू नका. ३,९०० टन मातीत कर्बाच्या टक्केवारीत ०.०५ ची चूक झाली तरी हेक्टरी जवळजवळ २ टनांचा फरक पडतो. वरच्या उदाहरणात वर्षभरात हललेला सगळा कर्ब पाव टनाहूनही कमी आहे. सापळ्यांची मोजणी दर पावसाळ्यात चालू ठेवा. साठ्याची फेरमोजणी निदान पाच, शक्यतो दहा वर्षांनी, त्याच खुणांजवळ, त्याच हंगामात करा.

पहिल्या फेरीचे वाळवलेले नमुने फेकू नका. घट्ट झाकणाच्या बरण्यांत, आत आणि बाहेर चिठ्ठी लावून ठेवा, आणि दुसऱ्या फेरीच्या वेळी जुने-नवे नमुने एकाच दिवशी, एकाच यंत्रावर तपासून घ्या.